उचल आणि वही

ऊसतोडीच्या धंद्यात पैसा आधी हातात पडतो आणि काम नंतर सुरू होतं. मजूर आणि टोळी जमवणारा मुकादम यांच्यातलं सगळं नातं या उलट्या क्रमातून तयार होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दिवाळीच्या मागेपुढे बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगाव भागातून टोळ्या निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, ज्वारी-बाजरीची पोती, शेळ्या, लहान पोरं. कुणी कोल्हापूर-सांगलीला जातं, कुणी सोलापूर-साताऱ्याला, कुणी सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. रस्त्यावर हे सगळ्यांना दिसतं. पण त्यांचा हंगाम तीन-चार महिने आधी गावातच ठरून गेलेला असतो. जून-जुलैत पेरणी तोंडावर येते, बियाणं घ्यायचं असतं, दवाखान्याची उधारी आणि लग्नाचं देणं डोक्यावर असतं, आणि गावात हाताला काम नसतं. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो ती नेमकी याच दिवसांत. ज्याला आज संध्याकाळी पैसे लागणार आहेत, तो नोव्हेंबरातल्या मजुरीचा भाव काय म्हणून करणार?

उचल मिळते कोयत्यावर. या धंद्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि उचलही निम्मी. अलीकडे एका कोयत्याला लाखाच्या आसपास उचल देतात. भाग, मुकादम आणि जोडीची ताकद पाहून ती कमी-जास्त होते.

हा पैसा येतो कुठून, ते नीट पाहायला हवं. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार ज्याच्याशी करतो तो बहुतेक ठिकाणी वाहनमालक असतो. त्याला आगाऊ रक्कम किंवा बँकेचं कर्ज मिळतं. तो मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम ते कोयत्यांत वाटतो. वरच्या पायरीवर छापील करार, हमीपत्र, जामीनदार असं सगळं असतं. शेवटच्या पायरीवर एक स्टॅम्प पेपर असतो आणि त्यावर बहुधा लिहिलेलं असतं की ही रक्कम घरगुती अडचणीसाठी हातउसनी घेतली. त्यात मजुरीचा दर नसतो, कामाचे दिवस नसतात, कारखान्याचं नाव नसतं. कधी कोऱ्या कागदावर अंगठा असतो, कधी सहीचा कोरा चेक. कारखान्याच्या दफ्तरात वाहतूकदाराचं नाव असतं आणि गाडीचा नंबर असतो. ऊस तोडणाऱ्या बाईचं नाव यातल्या एकाही कागदावर नसतं. पुढे काही बिनसलं की प्रत्येक जण एक पायरी खाली बोट दाखवतो, आणि ते बोट दाखवता येईल अशीच ही रचना आहे.

आता फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतात, काय चालतं ते. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. साखर बुडख्यात जास्त असते, आणि वर खुंट राहिला तर शेतकऱ्याचा खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातून येणारं पुढचं पीक, नीट फुटत नाही. म्हणून सगळं काम कमरेतून वाकून. एका हातात ऊस, दुसऱ्या हातात कोयता. बुडाला घाव, मग पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं, दोन-तीन तुकडे करायचे. मागे बाई मोळ्या बांधत येते, बांधायला वाढ्याचाच पेंढा पिळून घेते. एक मोळी तीस-चाळीस किलोपर्यंत जाते. गाडी आली की ती डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं आणि ट्रॉलीत टाकायची. गाडी कधी येईल ते कारखान्याच्या नंबरवर, म्हणजे रांगेतल्या पाळीवर ठरतं. रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची आणि पहाटे पुन्हा फडात उतरायचं. पाऊस झाला, गाडी बांधावर रुतली, तरी मोळ्या मुख्य रस्त्यापर्यंत वाहून न्यायच्या. त्या वाहण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

भरलेली गाडी कारखान्यावर जाते आणि तिथल्या काट्यावर वजन होतं. मजूर तेव्हा फडात किंवा कोपीत, म्हणजे आपल्या झोपडीत असतो. काट्याची पावती वाहतूकदाराकडे किंवा मुकादमाकडे जाते. गाडी नंबरात अडकली, ऊस उन्हात एक-दोन दिवस उभा राहिला, की वाळून वजन घटतं. उशीर कारखान्याचा, पण मजुरी टनावर असल्यामुळे घट तोडणाऱ्याच्या अंगावर येते. एका गाडीत चार-पाच कोयत्यांच्या मोळ्या असतील तर वजन वाटून लावायचं कसं, तेही मुकादमच ठरवतो. दर पंधरवड्याला बिल निघतं आणि त्याच्या वहीत चढतं. मजुराच्या हातात त्यातून बाजाराच्या दिवशी खर्ची येते, म्हणजे तेल, मीठ, पीठ आणि मोबाईलच्या रिचार्जपुरते पैसे.

दर काय आहे? जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ (सहकारी साखर कारखान्यांची राज्य संघटना) आणि मजूर संघटना यांच्यात करार झाला. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला, आणि मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. यावर एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत मात्र रोजची आहे.

उचल १,००,०००. जोडी दिवसाला सरासरी दोन टन तोडते असं धरू. हंगाम शंभर दिवसांचा. २०२४-२५ मध्ये बऱ्याच कारखान्यांचा हंगाम तेवढाही चालला नाही. दोनशे टन गुणिले ३६६, म्हणजे ७३,२००. आठवड्याला दीड हजार खर्ची धरली तर चौदा आठवड्यांची २१,०००. उरले ५२,२००. आजारपण, पाळी, पोराचा ताप यात सहा दिवस खाडे पडले आणि दर खाड्याला पाचशे दंड लावला, तर आणखी ३,००० गेले. उचलीतून फिटले ४९,२००. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा ५०,८०० रुपये अंगावर आहेत, आणि पुढच्या जूनमध्ये नवीन उचल त्यावरच चढणार आहे. बाकीवर व्याज लावायचं की नाही, हेही मुकादमाच्या मनावर.

खाड्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. मजुरी टनावर आहे, म्हणजे ज्या दिवशी ऊस तोडला नाही त्या दिवसाचे पैसे तसेही मिळत नाहीत. वरून दंड लावला की त्या दिवसाची किंमत दुसऱ्यांदा वसूल होते. रोजंदारीवर खाडा कापणं वेगळं आणि टनावरच्या माणसाला खाडा लावणं वेगळं. हा दंड मजुरीच्या कुठल्याही तत्त्वात बसत नाही. तो आजारी माणसाला फडात उभं करण्यासाठी आहे, एवढंच त्याचं काम.

मुकादमाला खलनायक ठरवून विषय संपवता येतो, आणि लिहिणारे बहुतेक तेच करतात. त्याचा हिशेबही मांडायला हवा. दहा कोयत्यांची टोळी, प्रत्येकी लाखाची उचल, म्हणजे दहा लाख रुपये त्याने वाहतूकदाराकडून स्वतःच्या नावावर उचलले. टोळीने दोन हजार टन तोडला तर मजुरी ७,३२,००० आणि २० टक्क्यांनी त्याचं कमिशन १,४६,४००. दोन कोयते उचल घेऊन दुसऱ्याच टोळीत गेले की दोन लाखांचा खड्डा पडला, म्हणजे हंगामभराचं कमिशन पुसलं जाऊन वर पन्नास हजारांहून जास्त गेले. तेवढ्यात वाहतूकदार त्याच्या दारात उभा राहतो, कारण त्याच्या ट्रॅक्टरचा हप्ता थकलेला असतो. मुकादमांना पळवून नेऊन डांबल्याच्या तक्रारी होतात, आणि पैसे घेऊन परागंदा झालेल्या मुकादमांमुळे बुडालेले वाहतूकदारही आहेत. म्हणून कोपीवर रात्री पहारा बसतो, मोबाईल काढून घेतले जातात, गावाकडे मयतीला जायचं तर एक पोर मागे ठेवून जा म्हणतात. हे स्वभावाने क्रूर असलेलीच माणसं करतात असं नाही. वरच्याने आपली जोखीम खाली ढकलली, त्याने ती आणखी खाली ढकलली, आणि ज्याच्याखाली कुणीच नाही त्याच्याकडून ती अंगातल्या बळानेच वसूल होते. साखर विकून ज्याला पैसे मिळतात त्या कारखान्याने तोडणी कामगाराला थेट कामावर घेतलं, तर या साखळीतली निम्मी मारहाण संपेल असं माझं ठाम मत आहे.

तोडणीचा खर्च तरी कारखाना स्वतःच्या खिशातून करतो का? तोही शेवटी शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो. एफआरपीतून, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, तोडणी-वाहतूक वजा होऊनच पैसे खात्यावर येतात. शिवाय टोळी फडात आली की ‘खुशाली’ म्हणून वेगळे पैसे द्यावे लागतात, ड्रायव्हरला द्यायचे पैसे, म्हणजे ‘एन्ट्री’, वेगळे, आणि ऊस वाळत चालला असेल तर भाव वाढतो. शेतकरी याबद्दल चिडतो आणि ते समजण्यासारखं आहे. वर्षातले ते तीन-चार आठवडे असे असतात की टोळीचा हात थोडा वर असतो. शेतकऱ्याला टोळीचा राग येतो कारण टोळीच त्याच्या समोर उभी असते. नोंदीप्रमाणे ऊस वेळेत न तोडणारा कारखान्याचा शेतकी विभाग त्याला बांधावर दिसत नाही.

आता कोयत्याच्या दुसऱ्या निम्म्याकडे. बाई पहाटे चारला उठते, चूल पेटवते, पाणी आणते, भाकरी बांधते, मग फडात जाते. आल्यावर पुन्हा चूल. टनामागे तिचं काम निम्मं धरलं तरी उचल नवऱ्याच्या हातात, स्टॅम्प पेपरवर सही त्याची, आठवड्याची खर्ची त्याच्याकडे. तिला विचारलं, बाई, अंगावर किती बाकी आहे, तर ती म्हणते, ‘मालकाला ठाऊक.’ नवरा दारू पिऊन पडला तर दोघांचं टनेज तिनं भरून काढायचं. नवरा वारला तर बाकी मागायला तिच्याच दारात येतात, मात्र एकटी म्हणून पुढची उचल निम्मी. जोडीला पूर्ण उचल मिळते म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरापोरींची लग्नं उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून जास्त बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्याला अनेक कारणं आहेत. उचलीचा हा हिशेब त्यातलं एक आहे, आणि बालविवाहाच्या भाषणांत तो क्वचितच येतो.

२०१९ मध्ये बीडमधल्या गर्भपिशव्यांचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहात एक. तेव्हा बरंच लिहिलं गेलं, पण त्यात डॉक्टरांच्या लोभावर जास्त भर होता. तो लोभ होताच. अंगावर पांढरं जातंय म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतलं गेलं. पण बाईच्या बाजूने पाहा. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही, दिवसभर वाकून काम आणि डोक्यावर मोळी. दुखतंय म्हणून बसली की खाडा. अशा वेळी ‘पिशवी काढली की कटकट मिटेल’ हे तिला पटतं, कारण ती कटकट वहीत दर महिन्याला रुपयांत मोजली जाते. ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीतूनच होतो, आणि तो फेडायला ती पुरेशी विश्रांती न घेता त्याच फडात उतरते. पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. चांगलंच झालं. खाडा मात्र तसाच राहिला.

कायदा काय म्हणतो, हे या धंद्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. वेठबिगार म्हटलं की साखळदंड बांधलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. १९७६ च्या वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायद्याची व्याख्या तशी नाही. आगाऊ रकमेच्या बदल्यात, तोंडी किंवा लेखी बोलीने, माणसाने नाममात्र मजुरीवर काम केलं, किंवा दुसरीकडे काम करण्याची मोकळीक गमावली, किंवा हिंडण्या-फिरण्याची मोकळीक गमावली, तर यातली एक गोष्टही पुरते. सगळ्या लागत नाहीत. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेलं कामही सक्तीची मजुरीच, कारण माणूस भुकेपोटी ते पत्करतो.

याच कायद्यातली तीन कलमं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. कलम ६ प्रमाणे असं कर्ज संपलेलं असतं, त्यासाठी कोर्टात वसुलीचा दावा चालत नाही. कलम ९ प्रमाणे संपलेल्या कर्जापोटी पैसे स्वीकारणं हाच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि कलम १५ : हे कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर. मजुराकडे एकही कागद नसतो, म्हणून हे तिसरं कलम त्याला सगळ्यात जास्त उपयोगी.

तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करायची. अनेक तक्रारी बिघडतात त्या इथेच. लोक थेट पोलीस ठाण्यात जातात आणि तिथे ‘पैशांची देवाणघेवाण, दिवाणी बाब’ असं लिहून परत पाठवलं जातं. पोलिसांकडे जरूर जा, कोणी डांबून ठेवलं असेल तर ११२ लावा, पण वेठबिगारीचा लेखी अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे वेगळा द्या आणि पोच घ्या. दुसरी चूक जबाबाच्या वेळी होते. मुकादम किंवा चिटबॉय (कारखान्याचा फडावरचा कर्मचारी) समोर उभा असताना घेतलेल्या जबाबात कुणीही ‘आम्ही राजीखुशीनं आलोय’ हेच म्हणेल. जबाब वेगळा, बाईचा नवऱ्यापासूनही वेगळा घ्यावा, असा आग्रह अर्जातच लिहावा. तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. अधिकारी येतात, टोळीला टेम्पोत बसवून गावी पाठवतात, बातमी छापून येते, आणि वेठबिगारीतून सोडवल्याचं मुक्ती प्रमाणपत्र कुणीच देत नाही. त्या प्रमाणपत्राशिवाय पुनर्वसनाचा लाभ मिळत नाही. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत आहे. पुढची मदत पुरुषाला १ लाख, बायका-मुलांना २ लाख, आणि अतिशय गंभीर प्रकरणांत ३ लाख. प्रमाणपत्र नसेल तर यातलं काही नाही, आणि महिनाभरात मुकादम उचलीसाठी फसवणुकीचा गुन्हा नोंदवतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, त्यांचा नंबर १५१००.

तक्रारीपर्यंत जायची वेळ येण्याआधी काही करता येतं, आणि ते वहीतूनच. उचल घेताना स्टॅम्प पेपरवर ‘हातउसने’ ऐवजी ‘ऊसतोडणीच्या मजुरीपोटी आगाऊ’ असे शब्द घालायला लावा. दर, कारखाना, आणि खाड्याचा दंड नाही हे त्यात यावं. मुकादम नकार देईल. निदान त्या कागदाचा, तो वाचता येईल असा, मोबाईलवर फोटो काढून गावातल्या कुणाला तरी पाठवून ठेवा, कारण फडावर मोबाईल हरवतो किंवा काढून घेतला जातो. पैसे शक्यतो खात्यावर घ्या. रोख घेतले तर दोन साक्षीदारांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा.

फडावर दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक खेपेला एक ओळ : तारीख, शेतकऱ्याचं नाव आणि गाव, गाडीचा नंबर, गाडीत कुणाकुणाच्या मोळ्या, काट्याचं वजन. वजन कळवायला ड्रायव्हर लागतो. त्याला पावतीचा फोटो मागा, टोळीतल्या एकाशी तरी त्याचं बरं असतंच. शेतकऱ्याच्या मोबाईलवर वजनाचा मेसेज येत असेल तर त्याच्याकडूनही तोच आकडा मिळतो, आणि त्याला तो सांगण्यात काही तोटा नसतो. दुसऱ्या पानावर खर्ची, तिसऱ्यावर खाडे आणि त्याचं कारण. पंधरवड्याच्या बिलाला आपली बेरीज मुकादमाच्या वहीशी ताडून पाहायची आणि फरक त्याच दिवशी बोलायचा. मार्चमध्ये पट्टा पडताना चार महिन्यांचा फरक काढला तर गाड्या भरून उभ्या असतात, पोरं रडत असतात, घराची ओढ लागलेली असते, आणि माणूस म्हणतो, ‘जाऊ द्या मुकादम, तुम्ही म्हणाल ते.’

वही बाईनं लिहावी, किंवा सातवी-आठवीतून शाळा सोडून कोपीवर आलेल्या लेकीनं. ती लेक शाळेतच असायला हवी होती, पण आली असेल तर टोळीत लिहिता-वाचता येणारी बऱ्याचदा तीच एकटी असते. आठ-दहा कोयत्यांच्या खेपा एकीनं लिहिल्या की एकट्या जोडीला दाबता येत नाही, कारण तोच आकडा दहा जणांना पाठ असतो. वहीच्या पहिल्या पानावर कोयत्याचं नाव लिहिताना नवरा आणि बायको अशी दोन्ही नावं लिहायची, दोघांच्या बँक खात्यांचे नंबर खाली. पुढे अर्ज द्यायची वेळ आली तर तहसीलदाराच्या टेबलावर ते पान ठेवता येतं, आणि बाईचा जबाब तिच्या नावानं वेगळा घ्या म्हणताना तिचं नाव आधीच कुठेतरी लिहिलेलं असतं.